मादी बाहेर जायची नाही

लग्नाकार्यात कुणी विचारलं, ‘तुम्ही काय करायचात?’ की मी सांगते, ‘कोंबड्या.’ समोरची बाई जरा थांबते. मग म्हणते, ‘अय्या, म्हणजे अंड्यांचा धंदा?’ मी नाही म्हणते. ‘मग चिकन?’ तेही नाही. यानंतर ती पंगतीकडे बघायला लागते आणि मी सुटते. संपादकांनी या अंकासाठी ‘कामाबद्दल लिहा, पण जरा खुसखुशीत होऊ द्या’ म्हणून सांगितलं, तेव्हाच मी त्यांना बजावलं की माझ्याकडे खुसखुशीत फारसं उरलेलं नाही, आहे ते कडू आहे. ते चालेल म्हणाले. आता छापताना तोंड वाकडं करू नका म्हणजे झालं.

काम काय ते आधी सांगते. असील ही आपल्याकडची फार जुनी कोंबड्याची जात. उंच, ताठ, अंगावर पिसं कमी आणि तीही अंगाला चिकटलेली. छातीच्या हाडावर तर नुसती लाल कातडी दिसते. बघायला किडकिडीत वाटतो, पण उचलायला गेलात तर मनगट खाली जातं. या जातीचं एक मानक आहे, म्हणजे अस्सल असील कसा असावा याचं ठरलेलं वर्णन. चोच आखूड आणि बुडाशी जाड. तुरा करवतीसारखा उभा नको, तीन बारीक ओळींचा, डोक्याला बसलेला हवा. हनुवटीखाली लोंबणारी कातडी जवळपास नकोच. दोन पायांत अंतर हवं, शेपटी खाली झुकलेली हवी. आणि डोळा पांढरा हवा, मोत्याच्या रंगाचा. प्रदर्शनात परीक्षक यातल्या एकेका गोष्टीला गुण देतो. आपण नर-मादीच्या जोड्या अशा लावायच्या की पुढची पिढी या वर्णनाच्या थोडी आणखी जवळ येईल. बस, एवढंच काम. माझी त्यात चाळीस वर्षं गेली.

एवढी का गेली? कारण एक दोष घालवावा तर दुसरा आत येऊन बसतो. शेपटी सुधारली की पाय जवळ येतात, पाय सुधारले की तुरा माजतो. डोळ्याची तऱ्हा आणखी निराळी. लहान असताना सगळ्यांचेच डोळे पिवळट असतात आणि पांढरे होणार की नाही हे वर्षभर थांबल्याशिवाय कळत नाही. म्हणजे ज्याला वर्षभर हातावर दाणे घेऊन भरवलं त्याला एके दिवशी उजेडात धरायचं आणि डोळा पिवळा निघाला की बाजूला काढायचं. बाजूला काढायचं म्हणजे काय, ते तुम्हाला समजलं असेलच. आमच्याकडे रविवारी रस्सा व्हायचा तो या दोषांचा. माझा नवरा पाटावर बसताना विचारायचा, ‘आज काय आहे, शेपूट की डोळा?’ तो ऑफिसात नोकरीला होता आणि आल्यागेल्याला सांगायचा, ‘या घरात कोंबड्यांना घराणं आहे, मला फक्त डबा आहे.’ पाहुणे हसायचे. पहिली काही वर्षं माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, पुढे उतरायला लागला.

मी मूळची घाटकोपरची. वडील ऑफिसात, आई शाळेत, तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक. जिवंत कोंबडी पाहिली होती ती बाजारातल्या पिंजऱ्यात. लग्न होऊन बोरीवलीला आले ती खाडीच्या बाजूच्या एका बैठ्या घरात. घरामागे परस, सासरच्या बोलीत परडं, आणि परसात खुराडी, माणसांच्या खोल्यांपेक्षा नीट बांधलेली. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणायचे. ते मालवणकडचे. गावाहून आणलेल्या दोन माद्यांपासून त्यांनी ही लाखेच्या रंगाची जात वाढवली होती. मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात एक कोंबडा दिला आणि विचारलं, “काय चूक आसा ह्येच्यात?”

मी घाबरून म्हटलं, “माझ्याकडे रागाने बघतोय.”

अप्पा पोट धरून हसले. “ती चूक नाय गो, तो गुण!”

त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली शिकायला लागले. अप्पांना दोन मुलगे. धाकटा माझा नवरा, त्याला यातलं काहीच नको होतं. थोरले दादा, माझे दीर. त्यांना सगळं हवं होतं, फक्त कोंबडा हातात घेऊन तासभर बघत बसायला लागतं तेवढं नको होतं. अप्पा गेल्यावर घर, परस आणि खुराडी दादांच्या नावावर झाली. काम माझ्याकडे आलं. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही, कारण घरात सुनांच्या वाट्याला जे येतं ते असंच येतं.

अप्पांनी आणखी एक गोष्ट ठेवली, त्यांचा नियम. नर कुणालाही द्या, मादी परसाबाहेर जाऊ देऊ नका. हा काही त्यांचा एकट्याचा शोध नव्हता, जुने असीलवाले बहुतेक सगळे हे पाळतात. जात मादीत असते, असं ते मानतात. तुम्ही नर विकला तर घेणारा तो आपल्याकडच्या कुठल्यातरी मादीला लावतो, पिल्लं अर्धीमुर्धी निघतात आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा तुमच्या दारात येतो. मादी गेली की तो तुमच्या दारात कशाला येईल? धंदा म्हणून ही अक्कल वाईट नाही. पण याचा दुसरा अर्थ असा होतो की सगळी जात कायम एकाच कुंपणाच्या आत राहते. अप्पांच्या काळी आजूबाजूला मिठागरं आणि झाडी होती, तेव्हा ते खपून गेलं.

नर घ्यायला नाना तऱ्हेचे लोक यायचे. झुंजीसाठी मागणारे यायचे, त्यांना मी फाटकातूनच परत पाठवायची. एकदा मालिकावाले आले. त्यांना पहाटेच्या दृश्यासाठी आरवणारा कोंबडा हवा होता आणि त्यांची पहाट दुपारी होती. आमचा कोंबडा दिवसभर कॅमेऱ्याकडे बघत ताठ उभा राहिला आणि सामान आवरायला लागल्यावर घसा फुटेस्तोवर आरवला. पवईहून एक तरुण नवरा-बायको आले. दोघंही शिकलेले, गोड बोलणारे. ‘काकू, आम्हाला हेरिटेज काहीतरी पाळायचंय,’ असं ती म्हणाली. बाल्कनी केवढी, ऊन येतं का, सगळं मी विचारून घेतलं. जाता जाता त्याने विचारलं, ‘याचा आवाज कमी करता येतो ना?’ मी म्हटलं, येतो, रश्श्यात. ते पुन्हा आले नाहीत. आजूबाजूला टॉवर उभे राहिले तसे तिथले लोकही आवाजाबद्दल बोलायला यायचे. त्यांनी आपल्या झोपेचं सांगायचं, मी चहा द्यायचा, कोंबडा मध्येच आरवायचा आणि विषय मिटायचा.

या सगळ्यात एकच माणूस खरा निघाला. मुलुंडचे हसमुखभाई. हार्डवेअरचं दुकान, घर पूर्ण शाकाहारी, घरात अंडं आणायची सोय नाही. आणि याला लहानपणापासून कोंबड्यांचं वेड. डोंगराच्या पायथ्याशी जागा घेऊन तिथे त्याने असील पाळले होते. ‘अंडं खात नाय, फक्त उबवतो,’ असं तो सगळ्यांना सांगायचा. आईला मात्र तिथे भाजी लावलीय असं सांगितलं होतं. दरवर्षी तो आमच्याकडून एक नर न्यायचा आणि दरवर्षी फाटकाशी उभा राहून तेच मागायचा.

“कुंदाबेन, एक मादी द्या ना. एकच.”

“मिळणार नाही.”

“विकणार नाय, कुणाला दाखवणार नाय. फक्त सांभाळतो.”

“हसमुखभाई, मला विचारून काय उपयोग? आत दादा बसलेत, त्यांना विचारा.”

मग तो आत जायचा, दादा त्याला पाणी विचारायचे आणि नाही म्हणायचे. तो बाहेर येऊन मला म्हणायचा, “सगळं एकाच जागेवर ठेवलंत तुम्ही. एक रोग आला ना, तर वाट लागेल हां.” तो गेल्यावर मी बराच वेळ खुराड्यांपाशी उभी राहायची. त्याचं खरं आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

आमचे पक्षी तोवर फार पुढे गेले होते. अप्पांच्या वेळचा पिवळा डोळा जवळपास गेला होता. शेपटी बसली होती. हौशी लोकांच्या मंडळाने परीक्षक म्हणून मला बोलवायला सुरुवात केली आणि नव्या परीक्षकांना शिकवताना ‘डोळा कसा हवा’ म्हणून आमच्या कोंबड्याचा फोटो दाखवायला लागले. लोक दादांचं अभिनंदन करायचे. दादा ते घ्यायचेही. मी त्या वेळी हातात झाडू नाहीतर बादली घेऊन कुठेतरी मागे असायची. मला त्याचा राग यायचा आणि अजून येतो. तेव्हा मनाची समजूत अशी काढायची की नाव कुणाचं का होईना, जात टिकली म्हणजे झालं.

मग एका वर्षी आमच्या पलीकडच्या गल्लीत मानमोडी आली. मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबडीची मान वाकडी होते आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. आमच्या पक्ष्यांना लस दिलेली होती, ते वाचले. पण मी हादरले. जेवताना दादांसमोर बसले आणि म्हटलं, चार माद्या मुलुंडला ठेवूया. दादा घास थांबवून म्हणाले, “अप्पांनी काय सांगितलेला? मादी भायर जावची नाय.” मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विषय काढला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. नवरा तेव्हा हयात होता, तोही माझ्या बाजूने बोलला. शेवटी मीच तोड काढली. मादी नको, अंडी देऊ. अंडी काही मादी नव्हेत. दादा म्हणाले, “बरा. मीच बांधून देतंय.”

त्यांनी पत्र्याच्या डब्यात तांदळाचा कोंडा घालून अंडी एकेक करून लावली. इतक्या जपून लावली की मला त्यांचं कौतुक वाटलं.

आता तुम्हाला सांगूनच टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा माझ्यासारखा मामा होणार नाही. त्या प्रत्येक अंड्याला दादांनी गोधडी शिवायची सुई टोचली होती. रुंद टोकाला, थेट आतल्या पिवळ्यापर्यंत. वर मेणाचा बारीक ठिपका लावून पुसून घेतला होता. असीलवाल्यांत ही युक्ती जुनी आहे. शेजाऱ्याला खायला दिलेलं अंडं त्याने कोंबडीखाली ठेवू नये म्हणून करतात. अंडं दिसायला तसंच, खायला तसंच, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. हे मी ऐकून होते. पण माझ्याच अंड्यांवर, माझ्याच घरात कुणी ते करेल, असं मला स्वप्नातही वाटलं नाही.

हसमुखभाईंनी डबा मांडीवर घेऊन नेला. उबवायच्या मशीनमध्ये अंडी लावली आणि रोज मला फोन. गरमी बरोबर आहे, पाणी बरोबर आहे. कोंबडीचं अंडं तीन आठवड्यांत फुटतं. तीन झाले, चौथा संपत आला, तेव्हा त्याने एक अंडं फोडून बघितलं. फोनवर त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. “काय नाय आतमध्ये, कुंदाबेन. नुसतं सडलेलं पाणी. माझी मशीन खराब असेल. सॉरी हां.”

पुढच्या वेळी त्याने मशीन बाजूला ठेवली. खास एक खुडूक कोंबडी आणली, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार झालेली. दादांनी पुन्हा तशीच जपून अंडी बांधली. पुन्हा काही निघालं नाही. इकडे आमच्या खुराड्यात त्याच माद्यांची अंडी फटाफट फुटत होती. मी डोकं धरून बसले. रस्त्यात हादरे बसले असतील का? घोडबंदरच्या रस्त्यावर खड्डे आहेत, ठाण्याहून मुलुंडला जाईपर्यंत काय होत असेल? हसमुखभाई स्वतःलाच दोष देत होते, मी रस्त्याला देत होते. दादा शांतपणे म्हणाले, “मी सांगत होतंय. आपली जात दुसऱ्याच्या परड्यात रुजणा नाय.”

मी शिकलेली बाई. तरीही दोनदा डोळ्यांसमोर तेच झाल्यावर हे वाक्य माझ्या मनात कुठेतरी जाऊन बसलं. मी मागणं थांबवलं. हसमुखभाईंनीही मादीचं नाव काढणं सोडलं. तो नर तेवढा न्यायचा. शेवटचा नेला तो एक कोवळा कोंबडा, डोळा अजून पिवळा होता म्हणून मी फार विचार न करता दिला.

नंतर माझा नवरा गेला, वहिनी म्हणजे माझ्या जाऊबाई गेल्या. मुलं आपापल्या घरी. घरात मी, दादा आणि कोंबड्या उरलो.

आणि मग बर्ड फ्लू आला. आधी पलीकडच्या भागात कावळे मेल्याची बातमी आली. त्या दिवशी अजून कसली बंदी नव्हती. मी दादांना म्हटलं, “आजच्या आज चार माद्या मुलुंडला नेते. निरोगी आहेत, आत्ता नेल्या तर वाचतील.”

दादा म्हणाले, “थंय नेवन काय करतलंस? अंडीसुद्धा जगली नाय थंय.”

मी म्हटलं, अंडी वेगळी, मादी वेगळी. ते म्हणाले, परडं माझं आहे. खुराड्यांच्या कुलपांची चावी त्यांच्याकडे असायची. ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि आत जाऊन पडले. लोक मला विचारतात, तुम्ही कुलूप का फोडलं नाही? विचारायला काय जातं! त्या घरात राहून, त्या माणसाचं वय बघून, इतक्या वर्षांची सवय अंगात असताना बाई कुलूप फोडत नाही. आज फोडलं असतं.

काही दिवसांत आमचा भागही बंदीच्या पट्ट्यात आला. ठरावीक अंतरातले सगळे पाळीव पक्षी मारायचे, आजारी असोत की नसोत. पांढरे कपडे घातलेली माणसं आली. त्यांच्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती, तिचे फक्त डोळे दिसत होते. मी तिला म्हटलं, एक जोडी राहू दे. ती म्हणाली, “काकू, तुमचे पक्षी चांगले आहेत, मला दिसतंय. पण नाही सोडता येणार.” तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. ती तिचं काम करत होती आणि नीट करत होती.

मी एकच मागितलं, त्यांना पळवून पळवून धरू नका, मी देते. दादांनी चावी आणून दिली. मी एकेका खुराड्यात शिरून एकेकाला उचललं आणि बाहेर दिलं. आमचे पक्षी माझ्या हाताला सवयीचे, कुणी पंखही फडफडवला नाही. मोठे नर दिले, माद्या दिल्या, डालग्याखाली झाकलेली पिल्लं दिली. शेवटी एक तलंग राहिली होती, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी मादी. तिचे डोळे त्याच आठवड्यात पूर्ण पांढरे झाले होते. तिला मी जरा जास्त वेळ धरली. डॉक्टरीणबाईने घाई केली नाही. मग मी तिलाही दिली.

भरपाई मिळाली. ती सगळ्या कोंबड्यांना मिळते तशीच, बाजारात वजनावर विकतात त्या कोंबडीच्या भावाने.

त्यानंतर परस धुऊन चुना मारायचा असतो. मी चुन्याची बादली घेऊन काम करत होते, दादा पायरीवर बसले होते. मी आपल्याशीच बोलल्यासारखं म्हटलं, “मुलुंडची ती अंडी फुटली असती ना, तर आज काहीतरी उरलं असतं.”

दादा म्हणाले, “ती फुटाचीच नाय होती. मीच सुई टोचलेलंय.”

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, “कशाला?”

“अप्पांका शब्द दिलेलो.”

“दोन्ही वेळेला?”

“दोनय वेळा.”

माझ्या हातातून बादली सुटली की मी ती फेकली, मला आता सांगता येणार नाही. पायरीपर्यंत चुना गेला. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं. म्हटलं, माझी चाळीस वर्षं एका सुईने संपवलीस तू, अप्पांचं नाव पुढे करू नकोस. अप्पा असते तर त्यांनी स्वतः उचलून माद्या मुलुंडला नेल्या असत्या. पायाला लागलेला चुना दादांनी पुसला नाही. तेव्हापासून मी त्यांना दोन वेळचं ताट वाढते, औषधं देते, आणि बोलत नाही. लोक म्हणतात, म्हातारा माणूस आहे, माफ करून टाका. माफ करायला मला काही वाटलं तर करीन ना! मला अजून रागच येतो.

हसमुखभाईंना मी फोन करून सगळं सांगितलं. मग त्याने हळूच विचारलं, “म्हणजे माझी मशीन बरोबर होती?” त्या माणसाने तेवढ्यापायी ती मशीन भंगारात दिली होती.

गेल्या महिन्यात त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. ‘कुंदाबेन, ह्याला बघून जा.’ व्हिडिओत होता तो पिवळ्या डोळ्याचा म्हणून मी देऊन टाकलेला कोंबडा. मी मुलुंडला गेले. हसमुखभाईंनी टेबलावर गोणपाट घालून, प्रदर्शनात ठेवतात तसा त्याला माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “नीट बघा. परीक्षक म्हणून बघा.”

मी बघितलं. चोच बघितली, तुरा बोटांनी चाचपला. हनुवटीखाली काही नाही. छातीवर तळहात ठेवला, पायांतलं अंतर बघितलं, शेपटी उचलून सोडली. ती जिथे बसायला हवी तिथे बसली. मग त्याला उन्हाकडे वळवला. डोळा पांढरा होता. उशिरा झाला, पण झाला. मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं, कारण इतक्या वर्षांत सबंध पक्षी तपासून एकही गुण कापावा लागला नाही असं कधी झालं नव्हतं. आमच्याकडच्याही कुणाच्या बाबतीत झालं नव्हतं.

“किती?” हसमुखभाईंनी विचारलं.

“कापायला जागा नाही,” मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. तो भराभर बोलायला लागला. दुसरी असील मादी लावू, तिच्या पिल्लांतली मादी पुन्हा यालाच लावू, त्यातली पुन्हा यालाच, आणि होईल परत तयार. मी ऐकून घेतलं. हिशेब बरोबर आहे, पण त्याला तेवढी वर्षं जगणारा कोंबडा लागतो. याच्या पायांचे सांधे आताच सुजलेले होते. माझेही सुजतात. मी हसमुखभाईंना हे सांगितलं नाही. मशीनच्या वेळी त्याने खूप सोसलं होतं. म्हटलं, लावा मादी, बघूया.

घरी आले तेव्हा दादा पुढच्या खोलीत पलंगावर होते. मी कुठे गेले होते ते त्यांना शेजारच्यांकडून कळलं असावं. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा आपणहून बोलले.

“डोळो कसो आसा?”

उत्तर द्यायचं माझ्या मनात नव्हतं. पण हा प्रश्न विचारणारं आता घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि मलाही तो कुणीतरी विचारायला हवाच होता.

“पांढरा,” मी म्हटलं. “सगळंच बरोबर आहे. एकही चूक नाही.”

ते उठून बसायला लागले. डोळे पाण्याने भरले होते. म्हणाले, “अप्पांका हवो होतो तसो?”

“हो.”

“मगे त्येका एक मादी...”

तिथे ते थांबले. मी आत गेले नाही. दारातच उभी राहिले आणि ते वाक्य पुरं करतील म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग दादांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पांघरूण ओढून घेतलं.